घामग्रंथींच्या गाठींना नाव देताना: महाराष्ट्रातील पॅथॉलॉजिस्टना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व हिस्टोपॅथॉलॉजिस्ट,
तसेच पॅथॉलॉजी व त्वचारोग विभागांतील शिक्षक आणि परीक्षक

सप्रेम नमस्कार.

त्वचेतील घामग्रंथींच्या गाठींचा रिपोर्ट लिहिताना निदानाच्या ओळीतून ‘एक्राइन’ आणि ‘ॲपोक्राइन’ हे दोन शब्द आपण सर्वांनी वगळावेत, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. खाली टिप्पणीत ज्याला जे मत मांडायचे असेल ते त्याने जरूर मांडावे. पण सर्जन, रुग्ण आणि कॅन्सर नोंदणीचे कर्मचारी जी एक ओळ वाचतात, तिथे हा वाद नको. गाठ साधी आहे, घातक आहे की नक्की सांगता येत नाही, ती पूर्ण निघाली आहे का, आणि उपचार ज्यावर ठरतात ते तिचे नाव काय, एवढे त्या ओळीतून कळले पाहिजे.

पत्र खुले ठेवले आहे, कारण हा रिपोर्ट फाइलला लावून दवाखान्यांच्या पायऱ्या चढणारी माणसे आपल्या व्यवसायातली नसतात. त्यांनाही हे कळायला हवे, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी.

आपल्या त्वचेत घामाच्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक जवळजवळ सर्वांगावर, तळहात-तळपायांवर सर्वांत दाट. उन्हात घाम येतो तो यांचाच. दुसऱ्या काखेत, जांघेत, स्तनाग्राभोवती. त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि केसाच्या मुळाशी उघडतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ शिफरडेकर यांनी १९२२ मध्ये हा भेद मांडला. पहिल्या त्या एक्राइन, दुसऱ्या ॲपोक्राइन. गर्भात एक्राइन ग्रंथी थेट त्वचेच्या वरच्या थरातून खाली उतरते. ॲपोक्राइन ग्रंथी केसाच्या मुळातून फुटते आणि तैलग्रंथीही तिथूनच फुटते. निरोगी त्वचेपुरता हा भेद पक्का आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अडचण सुरू होते ती गाठीला या दोनपैकी एका ग्रंथीच्या नावावर चढवताना.

पोरोमाचेच बघा. पिंकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या गाठीचे वर्णन केले आणि नाव दिले ‘एक्राइन पोरोमा’. त्यामागचा विचार सरळ होता. गाठ बहुतेकदा तळपायावर सापडत होती. तळपायाला केस नाहीत, ॲपोक्राइन ग्रंथी नाहीत, म्हणजे ती एक्राइन नळीच्या वरच्या टोकातून निघालेली असणार. स्लाइड लावली की हे चित्र कुणालाही ओळखता येते. वरच्या थराच्या पेशींपेक्षा लहान, एकसारख्या, चौकोनी पेशींचे रुंद पट्टे पृष्ठभागाला चिकटून खाली उतरलेले असतात, त्यांची कड चाकूने कापल्यासारखी स्वच्छ दिसते. मधूनमधून इवल्याशा नळ्या, आतून गुलाबी अस्तर असलेल्या. आजूबाजूला रक्तवाहिन्या भरपूर, म्हणूनच ही गाठ पायाला लागली की भळाभळा रक्त येते आणि रुग्ण घाबरून धावत येतो.

पुढे डोक्यावर, मानेवर, पाठीवर तशाच गाठी सापडू लागल्या, आणि त्यांपैकी काहींत तैलग्रंथीच्या पेशी दिसल्या, काहींत केसाच्या मुळासारखी रचना दिसली. एक्राइन ग्रंथीचा या दोघींशी जन्माचा संबंध नाही. मग ती गाठ ॲपोक्राइन म्हणायची का? अमेरिकी त्वचा-पॅथॉलॉजिस्ट बर्नार्ड ॲकरमन आणि त्यांच्या विचाराचे लोक ठामपणे हो म्हणाले. आपण ज्यांना वर्षानुवर्षे एक्राइन म्हणत आलो त्यांतल्या पुष्कळ गाठी मुळात ॲपोक्राइन आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. समोरच्या बाजूने तळपायाच्या पोरोमाकडे बोट दाखवले. तिथे केसच नाहीत, तर ॲपोक्राइन आली कुठून? दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत, आणि म्हणूनच हा वाद मिटला नाही. त्याआधी एन्झाइमच्या रंगांनी निवाडा करण्याचा प्रयत्नही झाला होता. फॉस्फोरिलेज दिसले तर एक्राइन, ॲसिड फॉस्फेटेज दिसले तर ॲपोक्राइन. एकाच गाठीत दोन्ही दिसू लागली तेव्हा तोही रस्ता बंद झाला. नंतर आलेल्या केराटिन, सीईए, जीसीडीएफपी-१५ वगैरे इम्युनो मार्करांनीही (पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगवणाऱ्या तपासण्यांनीही) या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर दिलेले नाही.

मग २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की बहुसंख्य पोरोमांमध्ये वायएपी१ हे जनुक तुटून एमएएमएल२ किंवा एनयूटीएम१ या जनुकाला जोडले गेलेले असते. पोरोकार्सिनोमात, म्हणजे तिच्या घातक रूपातही, हीच जोडणी सापडते. गाठ पोरोमाच्या कुळातली आहे की नाही, याचा पुरावा आता या जोडणीतून मिळतो. ती कोणत्या ग्रंथीतून निघाली हे त्यासाठी ठरवावे लागत नाही. ज्यांनी या वादात उमेदीची वर्षे घातली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. इतक्या बारकाईने स्लाइड पाहणारे लोक नसते तर जनुकांचा शोध कुठे घ्यायचा हेही कळले नसते. पण रिपोर्टापुरता त्या वादाचा उपयोग संपला आहे.

नळीदार ॲडेनोमाची (ॲडेनोमा म्हणजे ग्रंथीची साधी गाठ) गोष्ट तर आणखी बोलकी. १९७२ मध्ये लँड्री आणि विंकलमन यांनी ‘ट्यूब्युलर ॲपोक्राइन ॲडेनोमा’ वर्णन केला. १९७७ मध्ये रुलॉन आणि हेलविग यांनी ‘पॅपिलरी एक्राइन ॲडेनोमा’. एक डोक्याच्या त्वचेवरचा, एक हातापायांवरचा. दोन्ही नावे आम्ही परीक्षेसाठी वेगवेगळ्या रकान्यांत पाठ केली. आता दोहोंतही बीआरएएफ जनुकातला तोच बदल सापडतो आणि दोन्ही ‘ट्यूब्युलर ॲडेनोमा’ या एकाच नावाखाली आले आहेत. रुग्णाच्या दृष्टीने तर पहिल्या दिवसापासून ती एकच साधी गाठ होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने २००६ च्या आवृत्तीतच एक्राइन आणि ॲपोक्राइन गाठी एका शीर्षकाखाली आणल्या. पोरोमा, हिड्राडिनोमा, स्पायराडेनोमा ही नावे तिथे मागेपुढे काही न लावता आली. २०१८ च्या आवृत्तीतही तेच. तरीही आपल्याकडचे रिपोर्ट अजून ‘एक्राइन’ आणि ‘ॲपोक्राइन’ लावूनच निघतात, आणि एका लॅबचा शब्द दुसरीपेक्षा वेगळा निघाला की त्याचा भार रुग्णावर पडतो.

एक बाई माझ्याकडे रिव्ह्यूसाठी आल्या होत्या. दंडावरची एकच गाठ काढलेली, पण फिरत फिरत तीन ठिकाणचे रिपोर्ट जमलेले. पहिल्यावर ‘एक्राइन ॲक्रोस्पायरोमा’, दुसऱ्यावर ‘क्लिअर सेल हिड्राडिनोमा’, तिसऱ्यावर ‘सॉलिड-सिस्टिक हिड्राडिनोमा, ॲपोक्राइन टाइप’. त्यांच्या मुलाने तिन्ही नावे फोनवर शोधली होती आणि घरात कुणी धड जेवत नव्हते. “गाठ तर एकच काढली ना ओ डॉक्टर, मग हे तीन आजार कुठनं आले?” असे त्यांनी मला विचारले. तिन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर होते. पण हिड्राडिनोमा पूर्ण निघाला नाही तर तिथेच पुन्हा उगवतो, आणि तिन्ही रिपोर्टांत मार्जिनबद्दल, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेबद्दल, एक शब्दही नव्हता. स्लाइडवर खालच्या कडेला गाठ चिकटलेली स्पष्ट दिसत होती.

‘ॲक्रोस्पायरोमा’ हे नाव जॉन्सन आणि हेलविग यांनी १९६९ मध्ये मोठी छत्री म्हणून दिले, म्हणून ते आपल्याला सोयीचे वाटते. पण त्या छत्रीखाली दोन वेगळी कुळे उभी आहेत हे आता कळले आहे. पोरॉइड हिड्राडिनोमा वायएपी१ च्या जोडणीमुळे पोरोमाचा भाऊबंद ठरतो. क्लिअर सेल हिड्राडिनोमात पुष्कळदा सीआरटीसी१ आणि एमएएमएल२ ची जोडणी असते, आणि लाळग्रंथीच्या म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमातही तीच असते. कानाखाली, गालाच्या मागच्या बाजूला अशी गाठ असेल तर हे लक्षात ठेवायला हवे. जनुकतपासणीचा निकाल वाचून कुणी त्वचेच्या साध्या गाठीला लाळग्रंथीचा कॅन्सर म्हणेल, किंवा याच्या उलट करेल. गाठ त्वचेतली आहे की पॅरोटिड या कानाजवळच्या लाळग्रंथीतली, हे सर्जनला फोन करून विचारावे. एक फोन पुरतो.

आता ज्या गाठीसाठी मी हे पत्र लिहायला बसले ती. बोटांच्या टोकांवर, नखाखाली, क्वचित पायाच्या बोटांवर येणारी. दुखत नाही, हळूहळू वाढते, रुग्ण बहुधा मध्यमवयीन पुरुष. अनेकदा गँगलियन किंवा सिस्ट समजून छोट्या थिएटरात भूल देऊन काढली जाते आणि फॉर्मलिनच्या बाटलीत ‘सिस्ट, बोट’ एवढ्याच चिठ्ठीसह आपल्याकडे येते. आत पोकळ्या, पोकळ्यांत पेशींची बोटासारखी टोके, काही ठिकाणी पाठीला पाठ लावलेल्या नळ्या. पुष्कळदा पेशी शांत दिसतात, मायटोसिस (पेशींची विभाजने) फार नसतात, आणि सही करणाऱ्याचा हात ‘ॲडेनोमा’ लिहायला जातो.

१९८७ मध्ये काव, हेलविग आणि ग्रॅहॅम यांनी अशा ५७ गाठींचा अभ्यास करून त्यांचे दोन गट पाडले. ‘ॲग्रेसिव्ह डिजिटल पॅपिलरी ॲडेनोमा’ आणि ‘ॲडेनोकार्सिनोमा’. पेशींची ठेवण, मायटोसिस, ऊतकाचा नाश असे वाजवी निकष त्यांनी ठेवले होते. २००० मध्ये ड्यूक आणि सहकाऱ्यांनी ६७ रुग्ण तपासले. पेशी कशा दिसतात यावरून पुढे काय होईल हे सांगता येत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. जुन्या निकषांनी ॲडेनोमा ठरल्या असत्या अशा काही गाठीही पसरल्या होत्या, आणि पसरतात तेव्हा त्या बहुधा फुप्फुसात जातात. पुन्हा रुंद काढलेल्या गाठी क्वचितच परत आल्या. तशा पुन्हा न काढलेल्यांपैकी पुष्कळ परतल्या. तेव्हापासून ‘ॲडेनोमा’ हे नाव सोडून द्यावे आणि अशा सर्व गाठींना डिजिटल पॅपिलरी ॲडेनोकार्सिनोमाच म्हणावे, असा सल्ला आहे. आता या गाठींत एचपीव्ही ४२ हा विषाणू सापडतो हेही दाखवले गेले आहे, त्यामुळे शंका असलेल्या स्लाइडवर त्याची तपासणी मदतीला येते.

हे सगळे पुस्तकांत आहे. तरीही ‘पॅपिलरी एक्राइन ॲडेनोमा, बोट’ असा रिपोर्ट मी अजून पाहते. ‘एक्राइन’ आणि ‘ॲडेनोमा’ हे दोन शब्द एकत्र वाचले की सर्जन फाइल बंद करतो. रुग्ण टाके काढून कामावर जातो. छातीचा एक्स-रे कुणी काढत नाही, सहा महिन्यांनी परत या असे कुणी सांगत नाही. बोटावरच्या पॅपिलरी घामग्रंथी गाठीला निदानाच्या ओळीत ‘ॲडेनोमा’ म्हणू नका. या एका बाबतीत मी कोणतीही सवलत मागत नाही आणि देतही नाही.

वरच्या ओठाच्या आसपास येणाऱ्या घट्ट, पांढरट चट्ट्याबद्दलही असेच. १९८२ मध्ये गोल्डस्टीन, बार आणि सांताक्रूझ यांनी ‘मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा’ वर्णन केला. नंतर त्यालाच ‘स्क्लेरोसिंग स्वेट डक्ट कार्सिनोमा’ आणि ‘मॅलिग्नंट सिरिंगोमा’ अशी नावे मिळाली. ही गाठ पसरत क्वचितच, पण खोल जाते, नसांभोवती शिरते, आणि अर्धवट काढली की वर्षांनी परत येते. वरच्या भागात मात्र ती हुबेहूब साध्या सिरिंगोमासारखी दिसते. उथळ बायोप्सीत तेवढाच भाग आला असेल तर ‘सिरिंगोमा’ लिहून मोकळे होणे अन्याय आहे. ‘बायोप्सी उथळ आहे, गाठीचा तळ दिसत नाही, मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा नाकारता येत नाही, खोल बायोप्सी पाठवा’ असे लिहायला एक मिनिट लागते. ही नळी कोणत्या ग्रंथीची, यावर ग्रंथसंग्रहालयभर चर्चा झाली आहे. त्या चर्चेने कुणाच्याही ओठाचा एक मिलिमीटर वाचलेला नाही.

काही सहकारी दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, वर्गीकरण इतके गुंतागुंतीचे आहे तर सगळ्यांना ‘ॲडनेक्सल कार्सिनोमा’ म्हणून सोडून द्या. मला ते मुळीच मान्य नाही. पोरोकार्सिनोमा लसिकाग्रंथींत जातो, म्हणून त्या तपासाव्या लागतात. त्वचेतल्या सिक्रेटरी कार्सिनोमात ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ची जोडणी असते, आणि तिच्यावर थेट काम करणारे औषध आज उपलब्ध आहे. डोक्यावर अनेक सिलिंड्रोमा आणि स्पायराडेनोमा असलेल्या रुग्णात सीवायएलडी जनुकाचा वंशपरंपरागत दोष असू शकतो. ते जनुक २००० मध्ये ओळखले गेले, त्यामुळे मुलाबाळांना तपासता येते. उलट क्रिब्रिफॉर्म कार्सिनोमा पसरल्याचे आढळत नाही, म्हणून नव्या वर्गीकरणात त्याच्या नावातला ‘कार्सिनोमा’ काढून ‘क्रिब्रिफॉर्म ट्यूमर’ असे केले गेले. रुग्णाच्या डोक्यावरचा कॅन्सरचा शिक्का त्यामुळे पुसला जातो. गाठींची नावे नेमकी हवीतच. मला फक्त त्या नेमकेपणातून उपचाराला उपयोग न होणारा भाग काढायचा आहे.

काखेतल्या ॲपोक्राइन कार्सिनोमाचे काय, असे तुम्ही विचाराल. तिथे तो शब्द राहू द्या. ते गाठीचे नाव आहे, आणि त्याची गरज वेगळ्याच कारणाने आहे. स्तनाच्या कॅन्सरचे ॲपोक्राइन रूप आणि काखेतल्या घामग्रंथीचा कॅन्सर स्लाइडवर अनेकदा वेगळे करता येत नाहीत, मार्करही जवळपास तेच लागतात. अशा वेळी मॅमोग्राफी झाली आहे का, स्तनात काही हाताला लागते का, हे विचारल्याशिवाय सही करू नये. पापणीवरच्या म्युसिनस कार्सिनोमाच्या बाबतीतही प्रश्न तोच. ही गाठ इथलीच की दुसरीकडून आलेली? आपला वेळ आणि इम्युनोचे पैसे या प्रश्नासाठी खर्च झाले तर ते सत्कारणी लागतील.

कॅन्सर नोंदणीचा मुद्दाही साधा नाही. देशातील पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला. या नोंदणीचे कर्मचारी आपल्या रिपोर्टमधली ओळ वाचून कोड लावतात. कोडच्या शेवटी ० म्हणजे साधी, १ म्हणजे अनिश्चित, ३ म्हणजे घातक. बोटाच्या त्याच गाठीला ‘ॲग्रेसिव्ह डिजिटल पॅपिलरी ॲडेनोमा’ लिहिले तर कोड ८४०८/१, ‘ॲडेनोकार्सिनोमा’ लिहिले तर ८४०८/३. पहिली कॅन्सर म्हणून मोजली जात नाही. इतक्या दुर्मीळ आजारात दहा-वीस रुग्ण असे गळाले तर तो आजार या राज्यात आहे हेच कागदावर उरत नाही. मग त्यावर अभ्यास कशाच्या जोरावर होणार, आणि केंद्रात नेऊन उपचार द्यायला हवेत हे कुणाला पटवणार?

परीक्षक मंडळींना एक सांगणे आहे. तोंडी परीक्षेत ‘एक्राइन गाठींची नावे सांगा, आता ॲपोक्राइनची सांगा’ हा प्रश्न अजून विचारला जातो. विद्यार्थी दोन रकाने घडाघडा म्हणतात आणि पास होतात. त्याऐवजी बोटावरच्या गाठीची स्लाइड द्या आणि विचारा, सर्जनला काय सांगाल? ओठाची उथळ बायोप्सी द्या आणि विचारा, सही कराल का? पुढच्या पिढीचे रिपोर्ट तिथून बदलतील. शिफरडेकर, पिंकस, ॲकरमन यांचा इतिहास जरूर शिकवा. तो मला स्वतःला फार आवडतो.

राज्य पातळीवरच्या आपल्या संघटनेने घामग्रंथींच्या गाठींसाठी एक पानाचा रिपोर्ट नमुना करून सर्व लॅबना पाठवावा, अशी माझी मागणी आहे. त्यात वर्गीकरणाची कोणती आवृत्ती वापरली ते लिहिलेले असावे. प्रचलित नावापुढे जुनी नावे एकदा द्यावीत, म्हणजे तीन रिपोर्ट घेऊन येणाऱ्या माणसाला तो एकच आजार आहे हे कळेल. मार्जिन, खोली, नसांभोवतीचा शिरकाव आणि बायोप्सी पुरेशी आहे की नाही, यांची जागा रिकामी सोडता येऊ नये. आणि जिथे कळत नाही तिथे ‘घातकता अनिश्चित, पूर्ण काढून पुन्हा पाठवा’ असे लिहायला मान्यता असावी. आपण सगळे हे तोंडी म्हणतो, कागदावर लिहायला कचरतो. ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागितला की तो दोन दिवसांत रुग्णाच्या हाती द्यावा, हेही त्याच पानावर छापावे.

माझ्या मांडणीला ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो स्लाइडसह करावा. निदानाच्या ओळीत ‘एक्राइन’ किंवा ‘ॲपोक्राइन’ लिहिल्यामुळे ज्या रुग्णाचा उपचार बदलला, अशी उदाहरणे त्यांनी ओळख झाकून परिषदेत मांडावीत. ती पटली, तर त्या गाठींपुरती ही मागणी मी मागे घेईन.

आपली नम्र,
पश्चिम महाराष्ट्रातील एक हिस्टोपॅथॉलॉजिस्ट